शिट्टी

तंको, भिंतीकडे तोंड करून झोपलास तरी चालेल.
मीही अठ्ठावीस दिवस ही भिंतच वाचली होती.
चुन्याचा एक पोपडा आहे बघ, उंटासारखा.
रंगारी आला की मी सांगते,
तेवढा सोडून रंगव.

मी डेलू. इथली झाडूवाली.
पहाटे बाजरीची पेज ढवळते, दुपारी चादरी पिळते,
मधल्या वेळात नव्या पोरांसमोर येऊन बसते,
कारण डॉक्टर म्हणाले, आम्ही तासभर बोलून जे सांगतो
ते तुझ्या तोंडाकडे बघून लगेच कळतं.
हसले ते. मीही हसले.
माझं हसू उजवीकडूनच निघतं,
डावीकडे त्याला वाट नाही.

तुझी आई दाराशी बसून तेच तेच सांगते:
आधी गोवर, मग हिरडी सुजली,
मग श्वासाला वास, गालावर काळा ठिपका,
शुक्रवारी ठिपका, पुढच्या शुक्रवारी भोक.
कोणी म्हणालं जिनाची थप्पड,
कोणी म्हणालं हिचंच काही चुकलं असेल.
मी तिला म्हटलं, गोवर होता आणि रिकामं पोट होतं.
दोघंच होते, बाई. तिसरं कोणी आलं नव्हतं.
तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

माझ्या आईने मला कणगीमागे ठेवलं होतं.
पाहुणे आले की सांगायची, मुली दोनच.
आम्ही तिघी होतो.
तोंड दाखवू नकोस, हे लोक रागात म्हणतात,
मला ते मायेने म्हटलं गेलं,
डोक्यावरून हात फिरवत.
तिच्यावर राग नाही, असं मी म्हणणार नाही.
दर ईदला तिला कापड मात्र पाठवते.

हा वाडगा घे. पातळ केलंय, चिंच घातलीय.
मान उजवीकडे कलती कर, थोडी, अशी,
करडाला पाजताना धरतात तशी.
सांडलं? सांडू दे.
माझंही रोज सांडतं,
म्हणून तर ओढणी गडद घेते.

काल तू बादलीत वाकून पाहिलंस.
मी तुला पाहताना पाहिलं.
पाणी ढवळून टाकलंस, आणि मग एकच शब्द,
तोही गालातून अर्धा गळून गेलेला:
बकऱ्या.
अकरा आहेत म्हणे, आणि शिट्टीशिवाय वळत नाहीत,
आणि शिट्टीची हवा आता भलतीकडूनच निघून जाते.

मी डॉक्टरांना विचारलं.
तीन ऑपरेशनं, म्हणाले, कदाचित चार,
कपाळाची कातडी खाली आणू, गाल भरेल, ओठ शिवू.
शिट्टीचं विचारलं तर
ते बराच वेळ वहीतच बघत राहिले.

म्हणून संध्याकाळी तुला स्वयंपाकघरामागे नेलं.
आचाऱ्याच्या तीन बकऱ्या कडुनिंबाखाली.
जीभ टाळूला चिकटव आणि एकदम सोड.
टॉक.
ओठ लागत नाहीत याला, गाल लागत नाही.
पहिल्यांदा काहीच झालं नाही.
दुसऱ्यांदा एक कोंबडी पळाली.
सहाव्या का सातव्या वेळी
त्या फाटक्या कानाच्या बकरीने मान वर केली,
तुझ्याकडे नीट बघितलं,
पट्टी, माशा, सगळं बघितलं,
आणि पाला कुठाय म्हणून पुढे आली.

रात्री दिवा मालवल्यावर
भिंतीकडून एक टॉक.
मग खिडकीपाशी झोपणाऱ्या हजाराचा,
मग त्या नव्या मुलीचा, जी आठवडाभर
कोणाशी एक अक्षर बोललेली नाही.
झोपा रे मेल्यांनो, मी ओरडले.
ओरडताना लाळ आली ती पुसली,
आणि अंधारात
कान देऊन बसून राहिले.